मिठागरातले अळणी जेवण

१२ जून, गुरुवार. ज्येष्ठ वद्य १, शके १९४७

गणरायाने विघ्ने वारावीत, शारदेने लेखणी शुद्ध ठेवावी, आणि सद्गुरूंच्या कृपेने आज माझ्या जिभेवर माझा ताबा राहावा — कारण विषय असा आहे की तो राहणार नाही!

वाचनालयाचा भूपेश सकाळी ओसरीवर तीन बाडे ठेवून गेला. कादंबरी-स्पर्धेतून शेवटी उरलेली. लेखकांची नावे झाकलेली. परीक्षक तिघे — नंदाखाल गावचे निवृत्त मुख्याध्यापक व्हॅलेरियन सर, नायगावच्या टॉवरमधली कुणी स्वप्नाली, आणि मी. इथवर तक्रार नाही. पुढचे ऐकून मात्र मस्तक तापले. यंदा चातुर्मासात रविवारी दुपारी पोथीऐवजी पहिली आलेली कादंबरी वाचली जाणार. आमच्याच देवळाच्या सभामंडपात. आणि वाचणार कोण? मी!

"गुरुजी, तुमच्या आवाजाला तोड नाही," म्हणे. "पण रविवारी हल्ली माणसांपेक्षा खांबच जास्त दिसतात. काहीतरी नवीन हवं."

वडिलांच्या पश्चात त्या व्यासपीठावर मी बसलो. तिथून देवकथेखेरीज एक अक्षर उच्चारले गेलेले नाही. आणि आता रहस्यकथा! भयकथा!

नकार देणार होतो. पण मग ते दुसरा वाचक आणतील — हातात माईक, मागे पार्श्वसंगीत, सगळे सोंग. म्हणून होकार दिला. परीक्षक मी आहे. कोणते पुस्तक माझ्या तोंडून वदले जायचे, ते मीच ठरवीन. पाहून घेतो एकेकाला.

१४ जून, शनिवार. संकष्टी

मला मनातल्या मनात वाचता येत नाही. पोथीची सवय. डोळ्यांनी पाहिलेले कानांवर पडले नाही तर वाचल्याचे समाधान नाही. म्हणून ही बाडेही पोथीसारखीच वाचतो आहे — स्नान करून, ओसरीवर पाटावर बसून, मोठ्याने. आरंभलेला अध्याय मध्येच टाकायचा नाही, हा वडिलांचा दंडक. आमची सौ., यमुना, आत स्वयंपाकघरात असते. ऐकते की नाही, कोण जाणे. भांडी वाजत असतात.

पहिले बाड पौराणिक. गोविंदाच्या गोकुळातल्या लीला. वाचताना कंठ दाटला. काय एकेक विशेषण! करुणामेघ! भक्तहृदयविश्राम! पूर्ण गुण देऊन टाकले. ही खरी कादंबरी. बाकीची दोन कशाला वाचायची, असे क्षणभर मनात आले.

मोदक उत्तम झाले होते. यमुना गुडघ्यांना तेल चोळत बसली होती, त्यामुळे पान वाढायला मात्र उशीर झाला.

१६ जून, सोमवार

दुसरे बाड. टॉवरमधला खून. कोणी केला, कोणी केला म्हणून पानामागून पाने उलटायला लावतात आणि अखेरच्या पानावर — जुळा भाऊ! आधी त्याचा उल्लेखही नाही. असा काटा तर बाजारातही कुणी मारत नाही. किमान गुण दिले. तेही शाईची कीव म्हणून.

१७ जून, मंगळवार

शिव शिव शिव!

तिसरे बाड. नायगावच्या खाडीकाठचे मिठागर, त्यावर राबणारे कुटुंब. त्यांची सून उधाणाच्या भरतीत बुडून मरते. देह सापडत नाही. काही दिवसांनी ती घरी येते — आणि पदर खोचून कामाला लागते! आपण मेलो आहोत हे तिला ठाऊक नाही. घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. सांगत कुणी नाही. का? तर ती पाणी भरते, भाकऱ्या थापते, सासूचे पाय चेपते. भुताला मीठ शिवत नाही, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. म्हणून तिच्या हातचे सगळे अळणी. आणि ते मिठागरवाले — दारात मिठाच्या राशी! — ब्र न काढता अळणी जेवतात. का? तिला संशय येऊ नये म्हणून.

मेलेल्या बाईच्या हातचे अन्न! ना सुतक, ना दहावे, ना तिलांजली! पुढे सासू मुलाच्या कानात सांगते, "सांगू नका तिला. उद्या पापड घालायचे आहेत." तिथे बाड मिटले. उठून पुन्हा स्नान केले. गुण — शून्य. असली घाण माझ्या तोंडून सभामंडपात? मी जिवंत असेपर्यंत नाही.

यमुना पदराला हात पुसत दारात आली. "अध्याय अर्धवट टाकलात?"

"तो अध्याय नव्हे."

"मग काय आहे?"

उत्तर देण्याच्या योग्यतेचा प्रश्न नव्हता.

१८ जून

स्नान दोनदा केले तरी ते पापडांचे वाक्य जात नाही. कानात पाणी शिरावे तसे.

२२ जून, रविवार

परीक्षकांची पहिली बैठक, वाचनालयात. डोके अजून ठणकते आहे.

स्वप्नाली ऑफिसवाली मुलगी. फावल्या वेळात मोबाईलवर ऐकायच्या मालिका लिहिते. आल्या आल्या, "हाय काका!" 'गुरुजी' हा शब्द नायगावच्या लिफ्टमध्ये चढत नसावा.

"टॉवरवाली कसली भारी आहे! तो ट्विस्ट वाचून मी ऑफिसमध्ये किंचाळले, माहितीये?"

म्हटले, "पोरी, चकित होणे हा रस नव्हे. ठेच लागली तरी माणूस चकित होतो."

"पण मला आवडली ना!"

"तुझी आवड हे प्रमाण नव्हे."

व्हॅलेरियन सर चष्मा पुसत होते. सावकाश म्हणाले, "मग गुरुजी, तुम्ही गोविंदाच्या कादंबरीला पैकीच्या पैकी का दिलेत?"

"ती श्रेष्ठ आहे म्हणून."

"म्हणजे हिची ती आवड, आणि तुमचं ते प्रमाण."

आणि हसले! स्वप्नालीही हसली. भूपेशने खिडकीबाहेर पाहिले — म्हणजे तोही हसलाच.

सरांचे स्वतःचे मत कशाला? मिठागराला! मी विचारले, "भुतांची एवढी गोडी?"

"छे हो! मला नाहीच आवडली. आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, गुरुजी, त्यांच्याकडून भाकऱ्या थापून घेत नाही. वाचल्यावर मला जेवण जाईना. आमची बायको, विनी, म्हणाली, फेकून दे ते बाड वाडीत, केळीला खत होईल."

"आणि तरी मत तिला?"

"आवड माझी. पुस्तक लेखकाचं. दोघांचा हिशेब वेगळा नको का?"

पोरकटपणा! जे रुचत नाही ते थोर कसे? उद्या कडू कारल्याला हा मनुष्य नैवेद्य म्हणेल!

तिघांची तीन मते. निकाल अडला. शेवटी ठरले — येत्या रविवारी सभामंडपात नेहमीच्या श्रोत्यांसमोर प्रत्येकाने आपल्या कादंबरीचे एक प्रकरण वाचायचे. मीच सुचवले. कळू दे यांना.

२९ जून, रविवार. आषाढ शुद्ध ४

विजय!

स्वप्नालीने प्रथम वाचले. भरभर. अर्ध्या म्हाताऱ्यांना पेंग आली. मग मी. गोविंदाचे नाव येताच पुढच्या रांगेतल्या साऱ्या बायांचे हात जुळले. पुन्हा नाव, पुन्हा हात. भागूबाईच्या डोळ्यांना धारा! खाडीकाठची, अक्षरशत्रू बाई — पण श्रेष्ठ ते तिलाही कळले.

नंतर सरांनी मिठागर वाचले. एकही हात जुळला नाही. एकही जण हलला नाही. भागूबाई उघड म्हणाली, "वंगाल हाय, गुरुजी, लय वंगाल!" मग सरांकडे वळून, "मंग पुढं काय झाला?"

वंगाळ! ऐकलेत? मी सरांकडे पाहिले. म्हटले, "आता तरी हात दिसले ना?"

"दिसले," सर म्हणाले. "पण गुरुजी, हात देवाला जोडले. लेखकाला नाही."

"दोन्ही एकच."

"मग एकदा देवाचं नाव काढून वाचा की. कोणतंही साधं नाव घाला. बंडू घाला."

पायरी उतरताना हे बोलले. उत्तर द्यायला मी परत चढणार होतो. बंडू! देवाच्या जागी बंडू!

१ जुलै, मंगळवार

केवळ त्या गृहस्थांना खोटे पाडण्यासाठी केले. भगवंताची क्षमा मागून, ओसरीवर बसून, तेच प्रकरण वाचले. गोविंदाच्या जागी बंडू.

'बंडू मंद हसला. बंडूच्या नेत्रांत अवघे ब्रह्मांड दाटले. बंडू म्हणाला, हे सख्यांनो, जीवन हे असेच असते...'

यमुना तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हा बंडू कोण हो? बोलतो फार. करत काहीच नाही."

पुढे वाचवेना. पाने चाळली. गायी आहेत — पण एकीचाही रंग सांगितलेला नाही. यमुना नदी आहे — पण ओली नाही. यशोदा रडते — पण का, ते ठाऊक असलेल्यालाच ठाऊक. माझा कंठ दाटला होता तो माझ्याच भक्तीने. लेखकाने आमच्या विहिरीचे पाणी शेंदले आणि आम्हालाच पाजले.

सर बरोबर असतील, असे नव्हे. एवढेच की ही कादंबरी श्रेष्ठ नाही. गुण खोडले. कागद फाटला.

२ जुलै, बुधवार

यमुनेने चहाचा पेला ठेवला आणि उभीच राहिली.

"त्या बाईला सांगितलं का हो कुणी शेवटी?"

"कोणत्या बाईला?"

"मिठागरातल्या. ती मेली म्हणून."

"ठाऊक नाही. मी पुढे वाचले नाही."

"न वाचताच शून्य दिलंत?"

भिंतीला धरून आत गेली. आयुष्यभर पोथी वाचणाऱ्याला हे ऐकावे लागले. अध्याय अर्धा टाकू नये — हे मीच तिला लग्नानंतर शिकवले होते.

३ जुलै, गुरुवार

दुपारी बसलो. राहिलेले सगळे वाचून संपवले.

आणखी किळस येईल म्हणून सावध होतो. आली. पण लेखकाने रक्त नाही सांडले, किंकाळी नाही फोडली. तिच्या पावलांचे ठसे वाळले की त्यांवर पांढरा थर येतो — मिठाचा नव्हे, पिठाचा. नवरा रोज जेवताना राशीकडे पाठ करून बसतो. नणंदेचे लग्न ठरते, आणि पाहुण्यांसमोर अळणी आमटी वाढली जाते, आणि सासू हसून म्हणते, "आमच्याकडे मीठ जरा कमीच खातात." मिठागरवाल्यांच्या घरी!

शेवट लिहितो. वर्ष होते. वर्षश्राद्ध टाळता येत नाही, गाव बोलेल. मग घरचे काय करतात? स्वयंपाक तिच्याकडूनच करवतात! खीर, वडे, भाज्या — सारे ती पहाटे उठून रांधते. भटजी येतात. पाने मांडली जातात. ती वाढता वाढता विचारते, "आज कुणाचं श्राद्ध आहे?"

कुणी बोलत नाही. ती पुढच्या पानावर वाढायला जाते. कादंबरी संपते.

मी किती घरी श्राद्धाला बसलो! पानावर काय आले ते पाहिले. कुणी रांधले ते एकदाही विचारले नाही.

वाचून थांबलो तेव्हा ध्यानात आले — आत भांडी वाजत नव्हती. बराच वेळ वाजत नसावीत.

४ जुलै, शुक्रवार

आवडली नाही! पुन्हा लिहितो — आवडली नाही. पुन्हा हातात धरणार नाही. लेखक समोर आला तर त्याच्या घरचे पाणी घेईन की नाही, शंका आहे.

पण आता प्रश्न आवडीचा राहिलेला नाही, आणि याचाच मला संताप आहे.

गोविंदाचे बाड मला प्रिय, कारण गोविंद मला प्रिय. त्यात लेखकाचे श्रेय काय? मिठागराची मला किळस, आणि ती किळस लेखकाने घडवली — वाक्यावर वाक्य रचून, एकही शब्द वाया न घालवता. मी आयुष्यभर शुद्धाशुद्ध मानले. त्याने माझेच सुतक, माझेच श्राद्ध, माझेच तिलोदक घेतले आणि माझ्यावर उलटवले. देवाचे नाव घेणाऱ्याला त्यातले काही वापरता आले नाही. हा भुते लिहिणारा मात्र धर्माच्या मर्मावर बोट ठेवून गेला. जिवंत असताना जिला कुणी विचारले नाही, तिला मेल्यावर तरी कोण सांगणार?

टॉवरवालीचेही आता कळते. वाईट ती खुनामुळे नव्हे. खून लिहिणे निषिद्ध नाही. तिने वाचकाला आरंभी दिलेला शब्द पाळला नाही. मिठागरवाल्याने पाळला. पहिल्या पानावर अळणी आमटी वाढली, तेव्हाच श्राद्धाची खीर चुलीवर चढली होती.

प्राचीनांनी रसांच्या पंगतीत भयानकाला पाट मांडला, बीभत्सालाही मांडला. त्यांना पंगतीतून उठवणारा मी कोण?

पण माझ्या तोंडून! त्या जागेवरून! हरी हरी.

५ जुलै, शनिवार

मत दिले. मिठागर पहिले.

स्वप्नाली ओरडली, "काका! तुम्ही? भूत?"

"मला ती अजिबात आवडलेली नाही."

"मग?"

"न आवडणाऱ्याला न्याय देता आला पाहिजे. आवडणाऱ्याला तर कुणीही देतो."

"पण काका, किती स्लो आहे ती!" आणि टॉवरवालीचेच मत कायम ठेवले. हटवादी आहे. तेवढा एक गुण मला पटला.

व्हॅलेरियन सर काहीही बोलले नाहीत. वाडीतले शहाळे आणले होते, ते माझ्यापुढे सरकवले. न बोलल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हे त्यांना कधीही सांगणार नाही.

भूपेश हात चोळत म्हणाला, "मग गुरुजी... वाचणार कोण?"

"मीच. पण व्यासपीठावरून नाही. खाली सतरंजीवर बसून."

मग नावे उघडली. गोविंदाची कादंबरी हरेशची! माझ्या कीर्तनात पेटी वाजवणारा हरेश! तो बाहेरच उभा होता. निकाल ऐकला, माझ्याकडे पाहिले, नमस्कार न करता गेला. म्हणाला एवढेच, "देवापेक्षा भूत मोठं झालं का गुरुजी?" उद्या एकादशी. पेटी कोण वाजवणार, देव जाणे.

६ जुलै. आषाढी एकादशी

पेटीविना कीर्तन केले. सूर हरवला.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

मिठागरवाली आली होती. बाई निघाली! रचना नावाची, सासर नायगावकडचे. मी आजवर लेखक 'तो' समजून शिव्या घातल्या. वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला आणि सांगितले, "तुझे पुस्तक मला आवडलेले नाही."

ती हसली. "मलाही लिहिताना आवडत नव्हतं, आजोबा."

यमुना सरबत घेऊन आली, आणि कधी नव्हे ती बाहेर पाहुणीजवळ बसली. दोघी हळू बोलत होत्या. मी गेलो की गप्प.

१३ जुलै, रविवार. आषाढ वद्य ३

मंडप भरला होता. खांब दिसेनात. हरेश नव्हता. रचना मागे, स्वप्नालीशेजारी. यमुना पुढे, भागूबाईला खेटून.

सतरंजीवर बसलो. व्यासपीठ पाठीशी रिकामे. वाचू लागलो. किळस तशीच होती, पण आवाज लागला. चांगले वाक्य आवाजाला उचलून धरते. हे मला पोथीने शिकवले होते.

पापडांचे वाक्य आले. "सांगू नका तिला. उद्या पापड घालायचे आहेत."

कुणी हसले नाही. पुढच्या रांगेत भागूबाई यमुनेला म्हणाली, "सगल्या घरान ह्याच हाय गं बाय!"

यमुना उठली. माझ्या वाचनातून अध्याय संपण्याआधी आजवर कुणी उठलेले नाही. यमुना तर कधीच नाही. खांबाला धरून पायऱ्या उतरली. मला थांबता येईना. दंडक माझाच. अध्याय पुरा केला.

त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर

घरी आलो. शेगडी थंड. यमुना ओसरीवर, माझ्या पाटावर, पाय पसरून बसलेली.

"भूक असेल तर करा काहीतरी," म्हणाली.

जन्मात प्रथमच भात टाकला. गुरगुट्या झाला. तिला वाढला. पहिला घास तिने घेतला आणि ताट माझ्याकडे सरकवले.

"मीठ घाला, अहो. मी जिवंत आहे."

घातले.

जो कोणी हे वाचील त्याच्या पानात चव असो, आणि त्याच्या घरी रांधणाऱ्या हातांना जिवंतपणीच विसावा मिळो.

॥ सर्वांचे भले होवो ॥